पायऱ्या तीन, सूचना अकरा

मास्तरांची आणि माझी पहिली भेट कपाटाच्या दोन बाजूंनी झाली. कपाटाच्या वरच्या अंगाला मी होतो, खालच्या अंगाला मास्तर होते, आणि मधलं कपाट जिन्याच्या वळणावर असं घट्ट बसलं होतं, की आधी कपाट उभं करून मग त्याच्याभोवती इमारत बांधली असावी असं वाटत होतं.

बारा वर्षांपूर्वी आम्ही या इमारतीत राहायला आलो तो दिवस. चार हमाल कपाट व्यवस्थित वर नेत होते. आयुष्यभर त्यांनी कपाटंच उचलली होती आणि त्यात त्यांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती. तेवढ्यात तळमजल्यावरून आवाज आला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले, चौथ्या मजल्यावरच्या बाळाने रडणं थांबवलं, आणि पलीकडच्या रस्त्याने चाललेले दोन गृहस्थ टाचा जुळवून उभे राहिले, असं मला नंतर सांगण्यात आलं. "पाठ सरळ. गुडघे वाकव. डावा खांदा खाली. कोपर आत घे. मान उचल, मान. श्वास सोड. तू नाही, तू. टाच टेक. थांब."

पहिल्या हमालाने पाठ सरळ केली, दुसऱ्याने गुडघे वाकवले, तिसरा श्वास सोडून खालीच बसला, आणि 'तू नाही, तू' यातला आपण कितवा, हे ठरवता ठरवता चौथा थांबला. कपाट अडकलं ते दोन दिवस. त्या दोन दिवसांत वरच्या मजल्यांवरची माणसं कपाटाचं दार उघडून आत शिरत आणि मागची फळी सरकवून पलीकडे निघत. पोस्टमन पत्रं खालच्या खणात ठेवून जाई. वरच्या एका आजींनी तर आत आपली ओली छत्री टांगली. आणि कपाटाच्या फटीतून पांढऱ्या मिशांचा एक चेहरा मला म्हणाला, "तुमच्या हमालांना प्रशिक्षण नाही."

हे मास्तर. चौतीस वर्षं एका शाळेत त्यांनी पी.टी. शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तळमजल्यावर एकटे राहून ती उरलेल्या जगाला शिकवायला घेतली. इमारतीत ते कुणालाही नावाने हाक मारत नसत. मी 'तिसरा मजला' होतो. "काय तिसरा मजला, पोट पुढे चाललंय," अशी माझी सकाळ सुरू व्हायची. पाणी भरणाऱ्याने बादली कशी धरावी, वकीलसाहेबांनी स्कूटरला लाथ कशी मारावी, नव्या सुनेने दोरीवर चादर कशी फेकावी, सगळ्यांना सूचना. सूचना कायम शरीराच्या एखाद्या भागाला उद्देशून. मास्तरांच्या मते माणूस म्हणजे एक वर्ग होता, त्यात कोपर, गुडघा, टाच, मनगट अशी मुलं बसलेली असत आणि त्यांतलं एक जरी बेसावध राहिलं तरी सगळा वर्ग वाया जाई.

स्वतः मास्तर मात्र एका विशेष पद्धतीने चालत. तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचा डावा गुडघा गेला होता. सपाटीवर फारसं कळत नसे; पण पायरी आली की ते आधी खाकरत, मग उजव्या हाताने कमरेचा पट्टा वर ओढत, आणि मग डाव्या अंगाने असे झुकत उतरत, की पाहणाऱ्याला वाटावं, पायरीच्या कानात काहीतरी सांगायचंय. लंगडणं हा शब्द त्यांच्यासमोर कुणी कधी उच्चारला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे ते ताठ चालत होते.

आता मॅडम.

मॅडम म्हणजे माझी धाकटी बहीण. वय एकतीस. ती माझ्या आणि माझ्या बायकोबरोबर राहते. तिला डाउन सिंड्रोम आहे आणि तिला स्वतःची मतं आहेत. पहिली गोष्ट लोकांच्या लगेच लक्षात येते. दुसरी पाच मिनिटांनी येते आणि मग जन्मभर विसरता येत नाही. लहानपणी ती आम्हाला ओळीत बसवून शाळा घ्यायची आणि चुकलं की भिंतीकडे तोंड करून उभं करायची. आमचे वडीलसुद्धा त्यातून सुटले नाहीत. तेव्हापासून ती मॅडम.

तिचे स्नायू जरा सैल आहेत, सांधे मऊ आहेत, आणि पुढची पायरी किती खोल आहे हे तिच्या डोळ्यांना थोडं उशिरा कळतं. म्हणून जिना उतरताना ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. कठडा असला आणि हात मोकळे असले की यात अडचण काहीच नाही.

अडचण आली ती नोकरीमुळे. एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनमध्ये तिला तीन महिन्यांसाठी तात्पुरतं घेतलं. खिशाचा एप्रन, छातीवर बिल्ला, स्वतःची हजेरीची सही. पहिला महिना टेबलं पुसण्यात झकास गेला. मग तिच्या हातात ट्रे आला. त्या कॅन्टीनचं स्वयंपाकघर जेवणाच्या दालनापेक्षा तीन पायऱ्या उंच आहे. सारखी ये-जा असते म्हणून कठडा नाही. सहा भरलेले काचेचे ग्लास ट्रेमध्ये घेऊन त्या तीन पायऱ्या उतरायच्या आणि समोरच्या काउंटरवर ट्रे ठेवून तिथली घंटी वाजवायची, एवढंच काम.

"आज तीन ग्लास फुटले," घरी आल्यावर मॅडम सांगायची. दुसऱ्या दिवशी, "आज चार." हवामानाचा अंदाज सांगावा तसं.

एका संध्याकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. बाई भल्या होत्या, त्यामुळे त्यांना जे बोलायचं होतं ते बोलायला बराच वेळ लागला. "ग्लासचं काही नाही हो," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पण काल काच एकीच्या चपलेत गेली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी स्वतः उभी राहून बघेन. जमलं तर कायम करते. नाही तर... माझ्याकडे बिनट्रेचं काम नाही. पुसणाऱ्यालाही दुपारी ट्रे उचलावा लागतो."

बायकोने फोन ठेवला. मॅडम समोरच बसली होती आणि तिला सगळं कळलं होतं.

"मला ते काम पाहिजे," ती म्हणाली.

"दुसरं बघू गं एखादं," मी म्हणालो.

"नको. तिथे मला कुणी बाळ म्हणत नाही."

मी पुन्हा तोंड उघडलं. बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि ती भाजीची पिशवी घेऊन खाली गेली. परत आली ती मास्तरांचा निरोप घेऊन. "मास्तर म्हणतात, जिना उतरणं हा त्यांचा विषय आहे."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहा वाजता तळमजला ते पहिला मजला या जिन्यावर वर्ग भरू लागला. एक ट्रे, प्लास्टिकचे सहा ग्लास, बादलीभर पाणी, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले मास्तर. माझी बायको वरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत असे. पहिल्या दिवशी तिने सूचना मोजल्या.

"मान ताठ. नजर पायाकडे. खांदे सैल. कोपर अंगाला. मनगट घट्ट. बोटं पसरून. पोट आत. कंबर स्थिर. गुडघा वाकव. टाच आधी. चवडा नंतर. चल."

"अकरा," बायको म्हणाली. "चल धरलं तर बारा."

मॅडम आज्ञाधारक आहे. ज्या अवयवाचं नाव निघे त्याच्याकडे ती बघायची. कोपर म्हटलं की कोपराकडे, मनगट म्हटलं की मनगटाकडे. टाचेपर्यंत हजेरी पोचायची तेव्हा ट्रे उभा झालेला असायचा आणि मास्तरांच्या पायजम्यातून पाणी निथळत असायचं. शिवाय ताठ मानेने पायाकडे कसं बघायचं, हे तर मलाही करून दाखवता आलं नसतं.

"एकेक सांगा मास्तर," मॅडम म्हणाली.

"एकेकच सांगतोय."

"लवकर लवकर एकेक सांगताय."

खरं म्हणजे हे आम्हाला घरात पहिल्यापासून माहीत होतं. मॅडमला तोंडी चार गोष्टी सांगाव्यात तर तिसरी आत येईपर्यंत पहिली दारातून बाहेर पडलेली असते. पण डोळ्यांनी एकदा पाहिलेलं ती कायमचं ठेवून घेते. दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या बाईची भुवई ती इतकी हुबेहूब उचलते, की बातमी वाईट आहे का चांगली ते आम्हाला तिच्याकडे बघूनच कळतं. पण हे माहीत असणं वेगळं आणि मास्तरांना सांगणं वेगळं. मी एकदा प्रयत्न केला. "तिसरा मजला," ते म्हणाले, "तुम्ही आधी पोट आत घ्या."

चौथ्या दिवशी मास्तरच वैतागले. "बरं. बोलतच नाही. मी उतरतो. तू बघ आणि कर."

आणि काय आश्चर्य सांगू. ते तीसेक वेळा उतरले, ती तीसेक वेळा त्यांच्या मागून उतरली, आणि आठवड्याच्या आत माझी बहीण कठडा न धरता, एका पायरीवर एक पाय ठेवून जिना उतरू लागली. एकतीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते. मास्तर आवारभर छाती काढून हिंडले. मीही दोन-चार जणांना सांगितलं, की याची कल्पना मुळात माझी.

फक्त कॅन्टीनमधले ग्लास फुटायचे थांबेनात. "आज चार," मॅडम म्हणायची. "आज पाच." आता तिच्या कपाळावर एक आठीही दिसू लागली. बरोबर करूनही चुकत असलं की माणसाच्या कपाळावर पडते ती.

शेवटच्या शुक्रवारला दहा दिवस उरले असताना मॅनेजरबाईंचा पुन्हा फोन. "हिच्या पायाला काही झालंय का? लंगडतेय हो. आणि उतरायच्या आधी ट्रे एका हातात धरून दुसऱ्या हाताने कमरेशी काहीतरी ओढते. तिथेच पाणी जातं."

आमचं धाबं दणाणलं. संध्याकाळीच तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर टिचक्या मारल्या, फोटो काढला, पाय सगळीकडून वळवला. "माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले. "चालून दाखव." ती सरळ चालली. "दुखतं कुठे?"

"कुठेच नाही."

"मग घरचे म्हणतात, पायऱ्यांवर लंगडतेस."

"पायऱ्या अशाच उतरतात," मॅडम म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे.

रिक्षातून उतरून आम्ही दोघं इमारतीच्या दाराशी भाडं चुकतं करत होतो. मॅडम पुढे गेली, जिन्यावर मास्तरांना गाठलं, आणि दोघं सरावासाठी पहिल्या मजल्यावर पोचली. आम्ही आत शिरलो तेव्हा वरून मास्तर निघाले. ते खाकरले. त्यांनी पट्टा वर ओढला. डाव्या अंगाने झुकत ते उतरू लागले. त्यांच्या मागे मॅडम खाकरली. तिने ट्रे डाव्या हातात धरून, अंगात सलवार-कमीज असताना, नसलेला पट्टा वर ओढला. आणि डाव्या अंगाने झुकत ती उतरू लागली. इतके दिवस आम्ही फक्त ट्रेकडे बघत होतो; आज दिसलं, दोघांचे खांदे एका तालात खाली जात होते. एखाद्या पथकाचं संचलन चालावं तसं देखणं दिसत होतं ते.

बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मग दिसलं की हसतेय, आणि मग दिसलं की हसता हसता तिला खरंच रडू येण्याच्या बेतात आहे. दहा दिवस उरले होते आणि त्या पोरीने सांगितलेलं सगळं तंतोतंत केलं होतं.

"तू सांग त्यांना," बायको कुजबुजली.

"तूच सांग. तुझं ऐकतात."

"तुमची बहीण आहे."

"काय कुजबुज चाललीय?" मास्तरांनी विचारलं.

मी घसा साफ केला आणि लगेच थांबलो, कारण ते खाकरल्यासारखं वाटलं असतं. "मास्तर," मी म्हणालो, "जरा... म्हणजे शरीरशास्त्राच्या दृष्टीने..."

"मास्तर, तुम्ही असं उतरता," मॅडम म्हणाली आणि तिने एक पायरी उतरून दाखवलं. "म्हणून मी असं उतरते. बाई म्हणतात लंगडते."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ वाहत होता.

"मी लंगडतो?" मास्तरांनी विचारलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

"पुष्कळ," मॅडम म्हणाली.

मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली, आणि त्या तीन-चार पायऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा, कठडा धरून उतरले. दार बंद झालं.

पुढचे तीन दिवस इमारत शांत होती. वकीलसाहेबांची स्कूटर पहिल्या लाथेत सुरू झाली, तेव्हा त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं. मॅडम रोज सहाला ट्रे घेऊन खाली जायची, बंद दारासमोर दहा मिनिटं उभी राहायची आणि वर यायची. "मास्तर रागावलेत का?" तिने विचारलं. आम्ही नाही म्हणालो. आम्हाला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. दारात मास्तर. बारा वर्षांत ते कधी आमच्या मजल्यावर आले नव्हते. आता कळलं, का आले नव्हते. धापा टाकत खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "शाळेत माझी एक तुकडी होती. बारा वर्षं संचलनात पहिली यायची. सगळी मुलं डावीकडे झुकून चालायची. मी म्हणायचो, पटांगणाला उतार आहे. दोनदा रोलर फिरवून घेतला."

बायको पदराआड गेली. मी खिडकीतून लांब बघत राहिलो.

"हसा," मास्तर म्हणाले. "मीही काल रात्री हसलो. आता सांगा, त्या कॅन्टीनमध्ये ट्रे न सांडता कोण नेतं?"

"मावशी," आतून मॅडमचा आवाज आला. "मावशींचं कधीच सांडत नाही."

त्या दुपारी मॅनेजरबाईंची परवानगी काढून मी आणि मास्तर कॅन्टीनमध्ये जेवायला जाऊन बसलो. मावशी म्हणजे पन्नाशीच्या, बुटक्या, रबरी चपला घातलेल्या बाई. बावीस वर्षं त्या तीन पायऱ्या उतरत होत्या. भरलेला ट्रे घेऊन अशा यायच्या, की पायऱ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मास्तर जेवण विसरून बघत राहिले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मावशींना गाठलं.

"ताई, उतरताना कोपर कुठे ठेवता?"

"कोपर?" मावशी म्हणाल्या. "जिथे असतं तिथेच."

"आणि पाय आधी कोणता टाकता? डावा की उजवा?"

मावशींनी विचार केला. "कोणता बरं... थांबा हं, बघून सांगते." त्या वर गेल्या, ट्रे घेतला, पायऱ्यांच्या तोंडाशी आल्या, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, डावा पुढे केला, मागे घेतला, उजवा पुढे केला, आणि सहा ग्लासांचं पाणी पायऱ्यांवरून खळाळत दालनात आलं.

सगळं कॅन्टीन उठून उभं राहिलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय हो मास्तर," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बरी चालले होते मी. तुम्ही पायाचं विचारलंत आणि माझा पाय मला परका झाला."

मास्तर ओल्या पायऱ्यांकडे बघत होते. मी त्यांना बारा वर्षं ओळखत होतो, पण असा चेहरा पाहिला नव्हता. चौतीस वर्षं ज्या कोपर-गुडघ्यांच्या वर्गाची त्यांनी हजेरी घेतली, तो वर्ग लक्ष न दिल्यामुळेच नीट चालत होता, असं काहीतरी त्यांना त्या पाण्यात दिसत असावं.

"मग उतरताना बघता तरी कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"घंटीकडे. ती वाजवायची असते ना." आणि मावशी पोछा आणायला गेल्या.

उरले होते पाच दिवस. कॅन्टीन उघडण्याआधी, सकाळी सातला, आम्ही तिथे हजर. मास्तरांनी मावशींना हात जोडून विनंती केली होती: तुम्ही फक्त ट्रे घेऊन उतरा, मी काही विचारणार नाही. मावशी उतरायच्या, मागून मॅडम. काउंटरवर पितळी घंटी चकाकत होती. आणि मास्तर एका खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. तोंडातून काही निघू नये म्हणून त्यांनी शिट्टी दातांत धरली होती. मॅडमचं कोपर बाहेर गेलं की त्यांचा श्वास जोरात व्हायचा आणि शिट्टी बारीक वाजायची.

"मास्तर, शिट्टी वाजतेय," मॅडम म्हणायची.

"माझी नाही," मास्तर शिट्टीतून म्हणायचे.

दिवसभरात त्यांना एकच वाक्य बोलायची मुभा होती. ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. "घंटीकडे बघ आणि जा." सकाळी एकदा म्हणायचे आणि पुन्हा शिट्टी तोंडात. पहिल्या दिवशी दोन ग्लास सांडले. दुसऱ्या दिवशी मॅडम खाकरलीच नाही. तिसऱ्या दिवशी पट्टा गेला. झुकणं मात्र जाता जाईना, ते मास्तरांकडून पक्कं उतरलेलं होतं. पण गुरुवारी तेही अर्ध्यावर आलं. घरी येऊन ती म्हणाली, "आज एक." आठी मात्र होती तिथेच होती.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मॅनेजरबाई काउंटरपाशी हातात वही घेऊन उभ्या राहिल्या. माझी बायको आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी. समोर जेवण होतं. आम्ही ते इकडून तिकडे हलवत होतो. शेजारी मास्तर, दातांत शिट्टी. दालन भरलेलं. भांड्यांचा, खुर्च्यांचा, दोनशे माणसांच्या बोलण्याचा आवाज.

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात आली. एप्रन, बिल्ला, हातात ट्रे, त्यात सहा ग्लास काठोकाठ. तिने समोर पाहिलं. त्याच क्षणी एक धिप्पाड गृहस्थ काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले आणि फोनवर बोलू लागले. त्यांच्या रुंद पाठीमागे घंटी गडप झाली.

मॅडम वरच्या पायरीवर थांबली. पाच सेकंद, दहा सेकंद. तिची नजर पाठीवरून सरकली आणि खाली यायला लागली, पायांकडे. बायकोने माझा हात असा दाबला, की दोन दिवस वळ राहिला.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. कोपर, मनगट, टाच, चवडा, अकराच्या अकरा सूचना घशाशी येऊन एकमेकींना ढकलत होत्या. खुर्ची करकरली. त्यांनी डोळे मिटले आणि शिट्टी आणखी घट्ट चावली. बोलले नाहीत.

"काका," वरून आवाज आला. शांत, स्वच्छ, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. लहानपणी आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करणारा. "सरका. घंटी दिसत नाहीये."

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, फोन कानाला तसाच ठेवून दोन पावलं बाजूला झाले, आणि कशासाठी कोण जाणे, सॉरी म्हणाले. घंटी दिसली. मॅडम उतरली. एक, दोन, तीन. जराशी डावीकडे झुकत, पण पाणी हललं नाही. ट्रे काउंटरवर टेकला आणि तिने घंटी वाजवली. एकदा वाजवायची असते. तिने चार वेळा वाजवली.

मॅनेजरबाईंनी तिला आणखी पाच वेळा वर पाठवलं. एकदा थोडं पाणी ट्रेमध्ये सांडलं, ग्लास एकही फुटला नाही. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सोमवारी ऑफिसात ये, कागदांवर सही करायची आहे."

"सोमवारी मी येतेच," मॅडम म्हणाली. "माझी ड्यूटी आहे."

बायकोने माझा हात सोडला आणि आपल्या पुढ्यातलं थंड झालेलं जेवण पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग माझं जेवली. महिनाभर ती अर्धपोटी होती हे मला तेव्हा कळलं. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. तिच्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. मॅडम आमच्या टेबलाशी आली, त्यांच्यासमोर एक ग्लास ठेवला आणि उभी राहिली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

"बरोबर होतं?" तिने विचारलं.

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले; कमीत कमी कोपराचा उल्लेख येणार हे नक्की होतं.

"हो," मास्तर म्हणाले, आणि पाणी प्यायले.

घरी परतताना रिक्षात खूप दिवसांनी नीट श्वास घेता येतोय, तो आधी घेऊन घ्यावा, असं सगळ्यांचं चाललं होतं. इमारतीच्या दाराशी मास्तर उतरले, कठडा धरला, आणि मला म्हणाले, "तिसरा मजला, तो डॉक्टर बरा आहे का हो? गुडघ्याचा?" मी पत्ता दिला.

मॅडम कायम झाली. चौदा महिन्यांनी कचेरीने त्या तीन पायऱ्या फोडून तिथे उतार केला. ट्रे आता ढकलगाडीवरून जातात.